अठ्ठ्याऐंशी टक्के चूक कोणाची?

४ मार्च १९६६ रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली. तो दिवस आपल्याकडे राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळतात आणि त्या निमित्ताने निबंध, घोषवाक्ये, भित्तिचित्रे यांच्या स्पर्धा होतात. औद्योगिक वसाहतीजवळच्या शाळांतील शिक्षकांना हा अनुभव असेलच. मुलांच्या चित्रांत एक ठरावीक कामगार दिसतो. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नसते, तोंडात विडी असते, नजर भलतीकडे असते आणि मागे करवतीचे पाते फिरत असते. निबंधांतही एक ठरावीक वाक्य येते : शंभरातले अठ्ठ्याऐंशी अपघात माणसाच्या चुकीमुळे होतात. कधी हा आकडा ऐंशी होतो, कधी नव्वद. पण आकडा असतोच, आणि आकडा आला की वाक्याला विज्ञानाचा पोशाख चढतो.

हा आकडा आला कोठून? ज्या पुस्तकातून तो आला त्याचा येथे परामर्श घ्यावा असे आम्हांला वाटते. पुस्तक जुने आहे, पण त्याने घालून दिलेली विचाराची चौकट अजून मोडलेली नाही. कारखान्यातल्या प्रशिक्षणवर्गांत, भिंतीवरच्या फलकांत आणि अपघातानंतर भरायच्या छापील अर्जांत ती जशीच्या तशी वावरते आहे.

पुस्तकाचे नाव 'इंडस्ट्रियल अ‍ॅक्सिडेंट प्रिव्हेन्शन', म्हणजे औद्योगिक अपघातांचे निवारण. लेखक हर्बर्ट विल्यम हाइनरिक. अमेरिकेतील ट्रॅव्हलर्स या विमा कंपनीत ते अभियांत्रिकी व तपासणी विभागात अधिकारी होते. पुस्तकाची पहिली आवृत्ती १९३१ मध्ये निघाली आणि १९५९ पर्यंत त्यांनीच आणखी तीन आवृत्त्या काढल्या.

पुस्तकाचे श्रेय आधी सांगितले पाहिजे. त्या काळी कारखान्यातला अपघात म्हणजे दैवाचा फेरा, धंद्याचा अटळ हिस्सा, अशी समजूत सर्रास होती. हाइनरिक यांनी तिला धक्का दिला. अपघाताला कारणे असतात, ती शोधता येतात, मोजता येतात आणि दूर करता येतात, हे त्यांनी मालकांना त्यांच्याच भाषेत, म्हणजे पैशाच्या भाषेत, समजावून सांगितले. यंत्रांना जाळ्या कशा बसवाव्यात यावर त्यांच्या पुस्तकात भरपूर मजकूर आहे. नुसते 'सावध राहा' म्हणणाऱ्या उपदेशकांपैकी ते नव्हते. त्यांच्या नावावर आज जे खपवले जाते त्यातले काही त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

तरीही अठ्ठ्याऐंशीचा आकडा त्यांचाच, आणि तो कसा काढला हे पाहण्यासारखे आहे.

पंधरा टक्क्यांची बदली

हाइनरिक यांनी ७५,००० अपघातांच्या नोंदी तपासल्या. त्यातल्या १२,००० विमा कंपनीच्या निकालात निघालेल्या दाव्यांच्या होत्या आणि ६३,००० कारखानदारांच्या दप्तरातल्या. नोंदींची संख्या पाहून कोणीही दबून जाईल. पण नोंद म्हणजे अपघात नव्हे. अपघातानंतर कोणीतरी लिहिलेला तो कागद असतो, आणि तो लिहिणारा बहुधा जखमी कामगाराचा वरिष्ठ असतो. ज्याची बोटे गेली तो त्या वेळी दवाखान्यात असतो.

या नोंदींवरून सरळ हिशेब केला तेव्हा ७३ टक्के अपघात माणसाच्या चुकीच्या खात्यात गेले आणि २५ टक्के यंत्राच्या किंवा परिस्थितीच्या दोषाच्या खात्यात. उरलेले २ टक्के अटळ. येथे थांबले असते तर आपण आज '७३ टक्के' घोकत असतो. पण हाइनरिक यांना वाटले, की यंत्राच्या खात्यातल्या बऱ्याच अपघातांचेही खरे कारण माणूसच आहे. म्हणून त्या २५ मधले १५ त्यांनी उचलून माणसाच्या खात्यात घातले. ७३ आणि १५ मिळून ८८. यंत्राकडे उरले १०.

ही बदली त्यांनी लपवलेली नाही, पुस्तकात ती स्पष्ट सांगितली आहे. पण ती मोजणी नव्हे, तो निवाडा आहे. उद्या दुसऱ्या कोणी उलटा निवाडा दिला, की माणसाच्या खात्यातल्या चुकांपैकी बऱ्याच चुका यंत्राच्या बेढब रचनेने घडवून आणल्या, तर तेवढेच टक्के उलट दिशेला सरकतील. मूळ नोंदी आज कोणाला उपलब्ध नाहीत, त्यामुळे फेरतपासणीही शक्य नाही. विज्ञानात एखाद्या निष्कर्षाची पडताळणी करता येत नसेल तर आपण त्याला दंतकथेच्या जवळपास ठेवतो. या आकड्याला मात्र आपण भिंतीवर लावले.

याहूनही मूलभूत हरकत वेगळी आहे. प्रत्येक अपघाताला एकच खाते असते हे कशावरून? एक कल्पित उदाहरण घेऊ. पत्र्याचे भाग कापणारा पॉवर प्रेस आहे. दोन्ही हातांनी दोन बटणे एकाच वेळी दाबली तरच तो चालावा, म्हणजे हात आपोआप पात्याबाहेर राहतात, अशी त्याची मूळ रचना. एक बटण चिकटपट्टीने कायमचे दाबून ठेवले आहे, कारण तसे केल्याने तासाला जास्त नग निघतात आणि मजुरी नगावर आहे. पट्टी कोणी लावली ते कोणालाच आठवत नाही. पर्यवेक्षक रोज शेजारून जातो. दुरुस्ती खात्याकडे मागणी जाऊन पडली आहे. पाळीच्या अखेरच्या तासात पत्रा अडकतो, कामगार तो एका हाताने सोडवू पाहतो आणि बोट जाते. आता अर्जावर 'अपघाताचे कारण' या शब्दांपुढे एकच ओळ मोकळी आहे. त्या ओळीत काय लिहिले जाईल हे सांगायला नको.

वर्गात हे उदाहरण घेऊन मुलांना वेगवेगळ्या भूमिका द्याव्यात. कोणी पर्यवेक्षक, कोणी दुरुस्ती खात्यातला फिटर, कोणी मजुरीचे दर ठरवणारा, कोणी कामगाराची बायको. प्रत्येकाने ती एक ओळ भरायची. एकाच अपघाताची टक्केवारी कागदागणिक कशी बदलते हे त्यांना पंधरा मिनिटांत दिसेल.

पर्यवेक्षक लबाड असतोच असे नाही

येथे कोणी म्हणेल, पर्यवेक्षक आपली कातडी वाचवतो, यात मानसशास्त्र कसले? स्वार्थ असतोच, पण प्रामाणिक माणूसही तसेच लिहितो. हे का घडते, यावर सामाजिक मानसशास्त्राने बरेच काम केले आहे.

ली रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग शिक्षकांना विशेष रुचेल. विद्यार्थ्यांच्या जोड्या केल्या आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, केवळ योगायोगाने, एकाला प्रश्न विचारणारा केले आणि दुसऱ्याला उत्तरे देणारा. विचारणाऱ्याने आपल्याला ठाऊक असलेल्या आडवळणाच्या गोष्टींवर अवघड प्रश्न काढायचे. साहजिकच उत्तर देणारा बऱ्याच ठिकाणी अडला. नंतर पाहणाऱ्यांना विचारले, या दोघांत अधिक ज्ञानी कोण? सगळा डाव डोळ्यांसमोर मांडलेला असूनही त्यांनी प्रश्न विचारणाऱ्यालाच अधिक ज्ञानी ठरवले. उत्तरे देणाऱ्यांनी स्वतःदेखील तसेच म्हटले. (फळ्यापाशी उभे राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी या निष्कर्षाचा फार आनंद मानू नये.) परिस्थितीने घडवलेले वर्तन आपण माणसाच्या अंगचे मानतो. रॉस यांनी या खोडीला कारणमीमांसेतली मूलभूत चूक म्हटले.

दुसरी खोडी मागे वळून पाहण्याची. बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये काही विद्यार्थ्यांना १८१४ च्या इंग्रज-गुरखा संघर्षाचे वर्णन वाचायला दिले. शेवट काय झाला असावा, याच्या चार शक्यता दिल्या. काही गटांना मात्र त्यांपैकी एक शेवट खरोखर घडला असे सांगून टाकले, प्रत्येक गटाला निराळा. ज्याला जो शेवट सांगितला त्याला तोच आधीपासून अधिक संभवनीय होता असे वाटू लागले. अपघाताच्या चौकशीत नेमके हेच होते. बोट गेल्यानंतर चिकटपट्टी लालभडक दिसते. आदल्या दिवशी तीच पट्टी भिंतीच्या रंगासारखी कोणाच्या नजरेतही भरत नव्हती.

तिसरी गोष्ट अधिक अप्रिय आहे. जग न्याय्य आहे, ज्याचे त्याला मिळते, असे मानून चालण्याची आपल्याला गरज असते. मेल्व्हिन लर्नर यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले, की निरपराध व्यक्तीला यातना होताना पाहणारे लोक, तिला मदत करण्याचा मार्ग नसेल, तर तिलाच कमी लेखू लागतात. जखमी कामगार निष्काळजी होता असे ठरले, की आपण सुखाने झोपू शकतो, कारण आपण काही निष्काळजी नाही.

आता एक आपल्या देशातली गोष्ट. जोन मिलर यांनी १९८४ मध्ये शिकागो आणि म्हैसूर येथील लोकांची तुलना प्रसिद्ध केली. ओळखीच्या माणसाने केलेल्या चांगल्यावाईट कृत्याचे कारण सांगा, असे विचारल्यावर अमेरिकन प्रौढांनी बहुधा स्वभावावर बोट ठेवले. म्हैसूरच्या हिंदू प्रौढांनी परिस्थिती, नाती, प्रसंग यांवर अधिक भर दिला. लहान मुलांत मात्र असा फरक फारसा नव्हता. वयाबरोबर तो वाढत गेलेला दिसला. म्हणजे रॉस म्हणतात ती चूक सगळीकडे सारख्या जोराची नाही.

हे खरे असेल तर आपल्या कारखान्यांतल्या अहवालांत परिस्थितीचे वर्णन जास्त यायला हवे होते. घरी, ओसरीवर, आपण तसे बोलतोही. 'वेळच तशी होती', 'त्याच्यामागे घरची काळजी होती', 'मुकादमाने घाई लावली होती' हे सगळे बोलण्यात येते. पण अर्ज भरायला बसलो की लेखणीतून उतरते 'कामगाराचा निष्काळजीपणा'. आमच्या मते याचे उत्तर अर्जाच्या छपाईत आहे. अर्जातले रकाने ज्याने आखले त्याने कारणांची जातही आखून दिली. हाइनरिक यांच्या चौकटीत असुरक्षित कृती हा एक रकाना आहे आणि असुरक्षित परिस्थिती हा दुसरा. उत्पादनाचे लक्ष्य, मजुरीची पद्धत किंवा ठेकेदारी यांना रकानाच नाही.

वाटाण्यांचा निवाडा

हाइनरिक यांनी अपघाताची उपमा एकामागोमाग उभ्या केलेल्या पाच सोंगट्यांना दिली. पहिली पडली की शेवटची पडते. शेवटची सोंगटी इजेची, तिच्याआधी अपघात, त्याआधी असुरक्षित कृती किंवा यांत्रिक धोका, त्याआधी माणसातला दोष. आणि सगळ्यांत पहिली सोंगटी कोणती? वंशपरंपरा आणि सामाजिक वातावरण. बेपर्वाई, हट्टीपणा असले गुण रक्तातून आणि घरातून येतात, असा त्याचा अर्थ. १९३१ साली अमेरिकेत हे बोलणे कोणाला खटकले नसेल. पण आपल्या देशात या सोंगटीचा स्पर्श कोणकोणत्या जुन्या समजुतींना होतो हे शिक्षकांना सांगण्याची गरज नाही. 'ही माणसेच तशी' हे वाक्य आपण कोणाकोणाबद्दल ऐकतो ते आठवावे. या सोंगटीला पुरावा कसलाही नाही. आमच्या दृष्टीने पुस्तकातला सर्वांत लाजिरवाणा भाग तोच.

अपघाताला 'धार्जिणी' माणसे असतात ही कल्पना मात्र हाइनरिक यांची नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमधील दारूगोळ्याच्या कारखान्यांतल्या स्त्री-कामगारांच्या अपघातांचा अभ्यास मेजर ग्रीनवुड आणि हिल्डा वुड्स यांनी केला आणि १९१९ मध्ये प्रसिद्ध केला. (मेजर हा हुद्दा नव्हे, ते त्यांचे नाव.) थोड्याच स्त्रियांच्या वाट्याला बरेच अपघात आले होते. पुढे १९२६ मध्ये फार्मर आणि चेंबर्स यांनी या कल्पनेला अपघातप्रवणता असे नाव दिले आणि मग कारखानदार अशा 'अपघाती' माणसांना हुडकून काढण्याच्या मागे लागले.

पण थोड्यांच्या वाट्याला बरेच येणे म्हणजे काय? हे वर्गात करून पाहण्यासारखे आहे. १ ते १०० आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या डब्यात घाला. हे आपले शंभर कामगार, सगळे सारख्याच सावधपणाचे. फळ्यावर दहा बाय दहाचा चौकोन आखा. एक चिठ्ठी काढा, त्या क्रमांकाच्या घरात एक वाटाणा ठेवा (फळा उभा असेल तर खडूचा ठिपका), चिठ्ठी परत डब्यात टाका, डबा हलवा. असे शंभर वेळा करा. शंभर कामगार, शंभर अपघात, सरासरी प्रत्येकी एक.

प्रत्येक घरात एकेक वाटाणा पडेल असे मुलांना वाटत असते. तसे घडत नाही. प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या सूत्रानुसार सुमारे ३७ घरे रिकामी राहतात, ३७ घरांत एक, १८ घरांत दोन आणि सुमारे ८ घरांत तीन किंवा अधिक वाटाणे पडतात. त्या आठ घरांतच शंभरपैकी जवळजवळ २६ वाटाणे असतात. आता कारखान्याच्या भाषेत बोला : आठ टक्के कामगार सव्वीस टक्के अपघात करतात! कोणताही व्यवस्थापक त्या आठ जणांना बोलावून घेईल. प्रत्यक्षात त्यांचा दोष एवढाच, की त्यांची चिठ्ठी जास्त वेळा निघाली. पुढच्या वर्षी डबा पुन्हा हलवला तर आठ जण दुसरेच निघतील. त्या आठांना मध्यंतरी समज दिली असेल, तर समज देण्याचा गुण आला असेही सर्वांना वाटेल.

ग्रीनवुड व वुड्स यांना हे गणित अर्थातच ठाऊक होते. त्यांच्या आकड्यांत निव्वळ योगायोगाने पडावी त्याहून अधिक विषमता होती. पण ती विषमता स्वभावातून आली, की कामाकामातल्या धोक्यातून, की एका अपघाताने पुढच्याची शक्यता वाढली म्हणून, हे केवळ अपघातांच्या वाटणीवरून ठरवता येत नाही. वेगवेगळ्या कारणांतून हुबेहूब तीच वाटणी निघू शकते. अपघातप्रवणतेच्या प्रचारकांनी हे गाळले.

खोलीतली बाकीची माणसे

हाइनरिक यांच्या सोंगट्यांत माणूस एकटा आहे. त्याच्या शेजारच्या यंत्रावर कोण उभे होते, त्याने काय केले, काय केले नाही, याला तेथे जागा नाही. आमच्या मते पुस्तकातील सर्वांत मोठी उणीव ही.

बिब लाताने आणि जॉन डार्ली यांचा १९६८ चा प्रयोग पाहा. एक विद्यार्थी खोलीत बसून प्रश्नावली भरतो आहे. भिंतीतल्या झरोक्यातून धूर येऊ लागतो. एकटे असलेल्या २४ जणांपैकी १८ जणांनी बाहेर जाऊन ते कळवले. दुसऱ्या वेळी त्याच्याबरोबर प्रयोगकर्त्यांचीच दोन माणसे बसवली होती. त्यांनी धुराकडे पाहायचे, खांदे उडवायचे आणि लिहीत राहायचे. आता १० पैकी एकानेच कळवले. बाकीचे डोळे चोळत, खोकत प्रश्नावली भरत राहिले. नंतर विचारल्यावर कोणी म्हणाले वाफ असेल, कोणी म्हणाले वातानुकूलनाचे काही असेल. खरे वदवून घेणारा वायू सोडला असावा असाही एक तर्क निघाला!

ही माणसे निष्काळजी नव्हती. धूर म्हणजे धोका की नाही हे ती एकमेकांच्या चेहऱ्यावर वाचत होती. आपल्याला धोका डोळ्यांनी दिसतो अशी समजूत आहे. प्रत्यक्षात तो बराचसा शेजाऱ्याच्या तोंडावर दिसतो. नवा कामगार पहिल्या दिवशी चिकटपट्टी पाहून चमकतो, इकडेतिकडे बघतो, कोणीच चमकलेले नसते. आठवड्यात तोही दुसऱ्या नवख्यासाठी न चमकलेला चेहरा होतो.

हेच जेव्हा अतिशय शिकलेल्या माणसांत, वर्षानुवर्षे आणि कागदोपत्री घडते तेव्हा काय होते, याचा अभ्यास डायान वॉन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी केला. त्यांचे 'द चॅलेंजर लाँच डिसिजन' हे पुस्तक १९९६ मध्ये आले. हाइनरिकनंतर एकच पुस्तक वाचायचे असेल तर ते वाचावे.

२८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्यांत एक शाळाशिक्षिका होत्या, ख्रिस्टा मकॉलिफ. घन इंधनाच्या रॉकेटचे भाग जेथे जोडले होते तेथे सांधा बंद ठेवण्यासाठी रबरी कडी होती. थंडीत रबर कडक होते, वेळेत फुगत नाही, आणि तप्त वायूला वाट मिळते. त्या सकाळी तापमान सुमारे २ अंश सेल्सिअस होते. कडी झिजते हे नवे नव्हते. नोव्हेंबर १९८१ च्या दुसऱ्याच उड्डाणात ते दिसले होते. मूळ रचनेप्रमाणे ती मुळीच झिजायला नको होती. पण यान सुखरूप परत आले. मग तपासणी झाली, गणित झाले आणि 'इतकी झीज चालू शकते' असे ठरले. पुढे थोडी अधिक झीज दिसली, पुन्हा गणित झाले, पुन्हा चालू शकते ठरले. जे कालपर्यंत नियमाबाहेर होते ते आज नियमात बसले. वॉन बाईंनी याला विचलनाचे सामान्यीकरण म्हटले. आपण साधेपणाने 'अंगवळणी पडणे' म्हणू.

उड्डाणाच्या आदल्या संध्याकाळी रॉकेट बनवणाऱ्या थायोकॉल कंपनीच्या अभियंत्यांनी दूरध्वनीवरच्या बैठकीत हरकत घेतली. यापूर्वी जास्तीत जास्त थंडीतले उड्डाण सुमारे १२ अंशांना झाले होते, त्याखाली जाऊ नका, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे आकडे अपुरे आहेत असे नासाचे अधिकारी म्हणाले. कंपनीच्या वरिष्ठांनी मध्येच वेगळी चर्चा करून निर्णय फिरवला. एक बाब शिक्षकांनी मुद्दाम पाहावी. त्या रात्री चर्चा मुख्यतः ज्या उड्डाणांत कडीला इजा झाली होती त्यांचीच झाली. ज्या उड्डाणांत काहीच झाले नव्हते तीही आलेखात घातली असती तर चित्र उघड होते. सुमारे १९ अंश आणि त्यावरच्या २० उड्डाणांपैकी फक्त तिघांत दोष आढळला होता, तर सुमारे १७ अंश आणि त्याखालच्या चारही उड्डाणांत. शून्याच्या नोंदीही नोंदीच असतात, हे सांगायला याहून महाग उदाहरण सापडणार नाही.

वॉन बाई पुस्तकाला लागल्या तेव्हा त्यांना वाटले होते, नियम धाब्यावर बसवणारे अधिकारी सापडतील. सापडले उलटेच. नियम पाळले गेले होते, सह्या झाल्या होत्या, प्रत्येक पायरीवरची कागदपत्रे होती. अठ्ठ्याऐंशी टक्क्यांच्या भिंगातून येथे कोणता निष्काळजी कामगार दाखवणार? पुढे १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान कोसळले, त्यात कल्पना चावला होत्या. त्या वेळी इंधनटाकीवरचा फेसाचा तुकडा यानाच्या पंखावर आदळला होता. फेसाचे तुकडे निखळणे हेही तोवर अंगवळणी पडले होते.

भोपाळचीही गोष्ट येथे विसरता येत नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथिल आयसोसायनेटची टाकी तापली तेव्हा ती थंड ठेवणारी यंत्रणा काही महिने बंदच होती, वायू जाळणारा मनोरा दुरुस्तीसाठी जोडणीतून काढलेला होता आणि वायू धुऊन निष्प्रभ करणारी यंत्रणाही सज्ज नव्हती. यातली प्रत्येक गोष्ट एका दिवसात झालेली नव्हती. तरी कंपनीने पुढे जी उपपत्ती मांडली ती एका नाराज कामगाराच्या घातपाताची. हजारो माणसांच्या मृत्यूसाठीही अर्जावरची ओळ एकच, आणि तिच्यात मावणारा माणूसही एकच.

फाटकावरचा फलक

हाइनरिक यांचा दुसरा प्रसिद्ध आकडा त्रिकोणाचा. एका गंभीर इजेमागे २९ किरकोळ इजा आणि ३०० बिनइजेचे प्रसंग असतात. किरकोळ प्रसंगांकडे लक्ष द्या, ही त्यातली सूचना चांगली आहे. पण तिचा उलटा अर्थ लावला गेला : किरकोळ इजा कमी दिसल्या की मोठा अपघातही टळला. मग कारखान्याच्या फाटकावर 'अपघातविरहित दिवस' मोजणारा फलक लागला, बक्षिसे जाहीर झाली, आणि ज्याचे बोट कापले त्याने रुमाल गुंडाळून पाळी पुरी केली. आपल्यामुळे सगळ्यांचे बक्षीस जाऊ नये म्हणून.

२३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटी येथे बीपी कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन १५ जण मेले, १८० जखमी झाले. मेलेले सगळे ठेकेदारांची माणसे होती. नंतरच्या चौकशीत निघाले, की घसरून पडणे, हात कापणे अशा वैयक्तिक इजांचे आकडे सुधारले म्हणून कारखाना सुरक्षित आहे असे कंपनी धरून चालली होती. तापमान, दाब, पातळी यांची हालहवाल सांगणारे मोजमाप वेगळेच असते. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर हॉरायझन या तेलविहिरीच्या तराफ्यावर ११ जण मृत्युमुखी पडले. त्या दिवशी तराफ्यावर वरिष्ठ पाहुणे आले होते. कामाचा दिवस बुडवणारी इजा सात वर्षांत झाली नाही, याचे कौतुक हाही त्या भेटीतला एक भाग होता.

येथे एका आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. सगळा दोष व्यवस्थेवर टाकला तर जबाबदार कोणीच उरत नाही, अशी तक्रार अनुभवी अभियंतेही करतात. तिच्यात तथ्य आहे. 'व्यवस्थेतील त्रुटी' हाही एक गुळगुळीत रकाना होऊ शकतो, आणि मोठ्या साहेबांना तो फार सोयीचा पडतो. शिवाय माणसे चुकतात हे खरेच आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९० मधील पुस्तकात मांडले, की यंत्राशी उभ्या असलेल्या माणसाची चूक लगेच दिसते, तर रचना, देखभाल, खर्चकपात यांतल्या चुका वर्षानुवर्षे दबून राहतात. दोन्ही चुका माणसांच्याच. म्हणून आमचे म्हणणे असे नाही, की अठ्ठ्याऐंशीच्या जागी शून्य लिहा. त्या अठ्ठ्याऐंशीत कोणकोणती माणसे मोजली, फक्त फाटकातून आत जाणारी की वरच्या मजल्यावर बसणारीही, एवढेच विचारायचे आहे.

एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील परिचारिकांच्या गटांचा अभ्यास करून १९९६ मध्ये जे प्रसिद्ध केले ते या संदर्भात मोलाचे आहे. ज्या गटांत मेळ चांगला, प्रमुख समंजस, तेथे औषधे देण्यातल्या चुका कमी होतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगल्या गटांत चुका अधिक! खोलात गेल्यावर उलगडा झाला, की तेथे चुका बोलून दाखवण्याची भीती नव्हती. भीतीच्या जागी वही कोरी होती.

शाळेच्या प्रयोगशाळेतही फुटलेल्या परीक्षानळ्यांची वही असते. ती वही वाचताना फुटलेल्या नळीपुढे भरपाईची रक्कम लिहिली आहे की नळी कशी फुटली ते, हे पाहावे. आणि या मार्चमध्ये निबंधाचा विषय द्यायचा झाला तर वर्तमानपत्रातली कारखान्यातील अपघाताची एखादी चार ओळींची बातमी मुलांना द्यावी. 'निष्काळजीपणा' हा शब्द तिच्यात बहुधा असेलच. तो खोडून, त्या जागी काय कळायला हवे होते याचे प्रश्न मुलांनी काढावेत : कामाला लागून त्याला किती दिवस झाले होते, पाळी किती तासांची होती, जाळी होती का, नसली तर कधीपासून, ती काढलेली कोणी कोणी पाहिली होती, मजुरी दिवसावर होती की नगावर, आणि ही बातमी वार्ताहराला कोणी दिली.